लाल दाराची कॅसेट

वहिनी त्या दिवशी फक्त एक स्टूल पोचवायला निघाली होती. दुपारचं जेवण उरकलं होतं, दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं, आणि शेजारच्या चावीवाल्याला सांगून झालं होतं की गिऱ्हाईक आलं तर बसवून ठेव, पळू देऊ नकोस. स्टूल ते केवढं, तीन लोखंडी पाय आणि वर गोल बैठक. पण ते काखेत मारून ती बसमध्ये चढली तेव्हा कंडक्टरला राहवलं नाही.

"मावशी, बसायला घरूनच आणलंत का?"

"तुझ्या गाडीत कधी मिळते का जागा," वहिनी म्हणाली, आणि दोन बाकांच्या मधे स्टूल मांडून खरोखरच त्यावर बसली.

अर्धी बस हसली. वहिनी हसली नाही. तिला सकाळपासून चैन नव्हती. भात खाली लागला, सुई बोटात गेली, चहा केला आणि प्यायची विसरली. कशामुळे, ते तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

ती सोफ्यांची कव्हरं शिवायची, खुर्च्यांच्या फाटक्या बैठकी नव्याने भरून द्यायची. मशीन पायाने चालवायची, जुनी, जड. एकदा बसली की दिवेलागणीपर्यंत उठायची नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, हिचे हात आहेत की इंजिन. वहिनी म्हणायची, "हात माझेच, पण खाली हे स्टूल लागतं. दुसऱ्या कशावर बसले की तासाभरात खांदे भरून येतात." लोकांना वाटायचं, नवऱ्याची आठवण म्हणून बाई असं बोलते.

स्टूल होतं नवऱ्याचंच. तो ड्रम वाजवायचा. नव्वद सालाच्या आसपास चौघांनी मिळून बँड काढला होता. पाठीवर केस, फाटक्या पँटी, खिशात दमडी नाही आणि आवाज असा की शेजाऱ्यांची ताटं खणखणावीत. बाकीचे तिघे त्याला दादा म्हणायचे आणि हिला वहिनी. त्यांचं ऐकून सगळी गल्ली वहिनी म्हणायला लागली, ती अजून म्हणते. चौघांनी एकच मोठं काम करून ठेवलं, एक कॅसेट. वेष्टनावर लाल रंगाचं दार होतं, म्हणून तिला सगळे लाल दाराची कॅसेट म्हणत. ती तुफान चालली. ज्यांनी तारुण्यात ऐकली ते आता ढेरपोटे झाले, पण अजूनही दोन घोट पोटात गेले की त्या कॅसेटवरून हमरीतुमरीवर येतात.

भांडण असतं ते शेवटच्या गाण्यावरून. 'जाग' त्याचं नाव. त्या गाण्याला शेवटच नाही. आधी गाणारा थांबतो, मग गिटार थांबते, नुसता ड्रम उरतो आणि तो वाजता वाजता लहान लहान होत दूर जातो. कुणी म्हणायचं हीच तर कला. कुणी म्हणायचं, टेप संपली असणार, दुसरं काय.

वहिनी त्या भांडणात कधी पडली नाही. ते गाणं ती शेवटपर्यंत कधी ऐकायचीच नाही. तिला एवढंच सांगितलं होतं की दादा ते गाणं शेवटपर्यंत वाजवून उठला आणि उठता उठता पडला. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. पोरगी तेव्हा रांगत होती. दिसेल ते चमच्याने बडवायची, म्हणून बापाने तिचं नाव ठोकी ठेवलं होतं. बाप गेला, नाव राहिलं. आणि खोड पण राहिली. ठोकी मोठी होऊन ड्रमच वाजवायला लागली. दुकानामागच्या खोलीत तिने ड्रमसेट मांडला, लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागली. मोठ्या स्टेजवर मात्र तिला कुणी बसू देत नव्हतं. बाईमाणूस ड्रमवर म्हटलं की लोक गोड हसून दुसऱ्याला बोलावत.

आणि आता कॅसेट कंपनीला उमाळा आला होता. लाल दार पुन्हा उघडायचं ठरलं होतं. सगळी गाणी नव्याने साफ करून काढायची, 'जाग' अर्धवट नाही, पूर्ण, जसं टेपवर आहे तसं. वर एक मोठा कार्यक्रम, अख्खी कॅसेट ओळीने वाजवायची आणि दादाच्या जागी दादाची पोर. ठोकी चार दिवस जमिनीवर नव्हती. "आई, ह्यात जमलं ना, तर आयुष्यभर मला कुणी विचारणार नाही, तू कोण म्हणून." तिने बापाचं स्टूलही मागितलं. वहिनीने बैठकीचं जुनं रेक्झिन फाडलं, आत जाड फोम भरला, वर काळं कापड ताणून खिळे ठोकले, आणि निघाली.

*

जागा तीच होती. गाणी जिथे झाली ते तळघर. नवरा गेला त्या दिवसानंतर वहिनी तिथे गेली नव्हती. पायऱ्या उतरताना रस्त्याचा आवाज पायरीगणिक मागे पडत गेला. हॉर्न, फेरीवाला, कुणाचं तरी मूल रडत होतं ते. शेवटच्या पायरीवर तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू आला आणि तो तिला आवडला नाही.

आत भिंतींना, छताला, सगळीकडे जाड स्पंज चिकटवलेला. ओल, जुन्या सिगारेटी आणि त्यात एक तिसराच वास, गरम प्लास्टिकचा.

"काय जळतंय रे?" तिने विचारलं.

"जळत नाही, भाजतोय," रेकॉर्डिस्ट म्हणाला. कोवळा, चष्मेवाला माणूस, बोलायला नम्र. "टेप भाजतोय, काकू. इतकी जुनी टेप चिकट होते. तशीच मशीनवर लावली तर सोलून निघेल. म्हणून मंद आचेवर तासन् तास भाजायची, मग थोडे दिवस वाजते. तेवढ्यात कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची."

"पाव भाजतात तशी गाणी भाजायला लागलात," वहिनी म्हणाली. "आणि नंतर?"

"नंतर ती गेलीच म्हणायची."

मागून कुणीतरी हसलं. केस्या होता. दादाचा जिवाभावाचा मित्र, बँडचा गिटारवाला. एके काळी केस कमरेपर्यंत म्हणून केस्या. आता डोक्यावर पीक शून्य, पण नाव तेच. बाकीचे दोघे कधीच पांगले होते. ह्यानेच कंपनीच्या पाठी लागून हे सगळं घडवून आणलं होतं.

"वहिनी, तुम्ही याल असं वाटलं नव्हतं."

"स्टूल चालत आलं नसतं म्हणून आले. पोरगी कुठाय?"

पोरगी काचेपलीकडे होती. तळघराचे दोन भाग होते. अलीकडच्या खोलीत मशीनी, स्पीकर, खुर्च्या. पलीकडे ड्रमची खोली. मधे जाड काच आणि शेजारी तसंच जाड दार, ते लागलं की आतला आवाज बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. काय ऐकायचं ते तारांमधून, स्पीकरवर नाहीतर हेडफोनवर.

ठोकीने स्टूल घेतलं, बसून बघितलं, दोनदा उसळली. "आई, राणीचं सिंहासन केलंस की."

"राणीसारखं बसू नकोस. पाठ सरळ ठेव."

ठोकीने पायाखालचं पॅडल दाबलं. पायाने दाबलं की मोठ्या ड्रमवर टोला पडतो ते पॅडल. तेही बापाचंच. दाबलं की आधी करकर, मग टोला. कर्र, धम्. कर्र, धम्.

ही करकर तिची ओळखीची. लग्न झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली होती, मशीनचं तेल आहे घरात, दोन थेंब टाक. तो म्हणाला होता, "नको. मी अंधारात वाजवतो. करकर गेली तर माझा पाय मला सापडायचा नाही." ती त्याची तऱ्हाच होती. वाजवताना ड्रमच्या खोलीतला दिवा बंद करायचा. दिसलं की हात लाजतात, म्हणायचा. काचेअलीकडच्यांना तो दिसायचाच नाही, नुसता ऐकू यायचा. आणि कॅसेट नीट कान देऊन ऐकली तर ती करकर प्रत्येक गाण्यात आहे. लोक गाणी ऐकायचे. वहिनी इतकी वर्षं करकर ऐकत आली. तेवढाच नवरा शिल्लक होता तिच्याकडे.

"दिवा घालवा," ठोकीने आतून खूण केली.

"का गं?" वहिनी म्हणाली. "तुला कुठे लाज वाटते?"

"बाबा तसंच करायचे ना. आज त्यांच्याबरोबर वाजवायचं तर त्यांच्यासारखं."

दार लागलं. दिवा गेला. काच काळी झाली आणि तिच्यात वहिनीला स्वतःचंच तोंड दिसायला लागलं.

*

ठरलं होतं ते असं. डाव्या स्पीकरवर टेपमधला दादाचा ड्रम, बाकी वाद्यं बंद, नुसता तो. तोच ठोकीच्या कानात. आणि ठोकी जे वाजवेल ते उजव्या स्पीकरवर. 'जाग' सुरुवातीपासून, जिथे कॅसेटवर संपतं त्याच्याही पुढे, टेपच्या टोकापर्यंत.

रेकॉर्डिस्टने भाजून झालेल्या टेपचं चाक मशीनवर सोडलं.

आधी खरखर. मग एका खोकल्याचा आवाज... आणि वहिनीने खुर्चीचा हात घट्ट धरला. तोच खोकला. सकाळी चूळ भरताना यायचा तो. मग स्टिकवर स्टिक आपटून मोजणं आणि डाव्या स्पीकरमधून नवरा वाजवायला लागला. कर्र, धम्. पुढच्याच क्षणी उजवीकडून पोरगी. कर्र, धम्.

बाप आणि लेक असे दोन बाजूंनी चालत आले. बापाचा पाय जड, लेकीचा हलका. बापाची करकर खर्जातली, लेकीची जरा वरची. पॅडल एक, पण पाय वेगळे. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पदराने नाही, मनगटाने पुसलं, रागाने. इथे रडायला नव्हती आली ती.

"काय वाजवते," रेकॉर्डिस्ट पुटपुटला. "काकू, घ्या, ठरलं. ही स्टेज फाडणार."

वहिनीने मान डोलावली. पोरीचं भलं झालं. मग ही तगमग का थांबत नाही?

गाणं पुढे सरकत होतं. केस्या तिच्या शेजारी येऊन बसला. मग काचेकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, आता जे ऐकाल ना, त्यासाठी मी हे सगळं केलं. कुणाला सांगितलं नाही आजवर. लोकांनी वेड्यात काढलं असतं."

"काय सांगितलं नाहीस?"

"आम्ही तुम्हाला म्हटलं ना, दादा गाणं संपवून उठला आणि पडला..."

"मग?"

"संपवून नाही पडला." केस्याने काचेकडे बोट केलं. "आम्ही इथे होतो, ह्याच खुर्च्यांवर. आत अंधार. मधेच काहीतरी पडल्यासारखा धप्पकन आवाज आला, पण ड्रम चालूच होता. म्हटलं, काहीतरी सांडलं असेल. मग तो थांबेचना. गाणं संपायची वेळ झाली, खुणा केल्या, हाका मारल्या, थांबेना. शेवटी मी जाऊन दिवा लावला..."

"आणि?"

"दादा खाली. फरशीवर. अंग गार पडत चाललेलं. आणि स्टूल... स्टूल जागच्या जागी उभं." त्याने डोळे पुसले. "मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण इकडे स्पीकरवर अजून ठोका चालू होता, वहिनी. दादा पडलेला आणि ठोका चालू. नंतर कॅसेट काढताना रेकॉर्ड करणाऱ्याने भीतीने तिथे आवाज खाली खाली ओढला. म्हणून ते गाणं तसं दूर जातं. समजलं तुम्हाला? त्याने गाणं सोडलं नाही. जीव गेला तरी सोडलं नाही. ते टेपवर आहे. जगाने ऐकायला पाहिजे."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ह्या माणसाने हे उराशी धरलं होतं, आणि मायेने धरलं होतं, हे तिला दिसत होतं. तिला त्याची कीव आली. आणि त्याच्या थोबाडीत मारावीशीही वाटली.

"गप्प बस," ती म्हणाली. "ऐकू दे."

डाव्या स्पीकरवर कर्र, धम्. कर्र, धम्. जरा अडखळला. एक लांब श्वास, माणूस ओझं उचलताना घेतो तसा... आणि धप्प. लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज आला.

ठोका एका टोल्यासाठीही थांबला नाही.

"ऐका," केस्या कुजबुजला. "ऐका, दादा..."

धम्. धम्. धम्.

आधी तिला कळेना की काय खुपतंय. ठोका उत्तम होता. नवऱ्यापेक्षा उत्तम. न थकणारा, एकसारखा, जसे तिचे टाके पडायचे त्या स्टुलावर बसलं की. मग तिच्या लक्षात आलं.

करकर नव्हती.

"हा तो नाही," ती म्हणाली.

"काय?"

"हा माझा नवरा नाही, केस्या. त्याचा पाय नाही हा." ती उठून उभी राहिली. "तो खाली पडला, तिथे तो संपला. हे दुसरंच कुणीतरी बसलंय... त्याच्या जागेवर."

रेकॉर्डिस्ट काहीच न कळून दोघांकडे बघत होता.

उजव्या स्पीकरवर अजून करकर होती. पोरीची. कर्र, धम्. वहिनी ती ऐकत होती, अंधारात कुणाचा हात धरावा तशी. कर्र, धम्. कर्र... धम्. करकर बारीक झाली. पोरीने एक लांब श्वास घेतला, स्पीकरमधून तो स्पष्ट ऐकू आला.

कर्र...

धम्. धम्. धम्.

डावीकडे धम्, उजवीकडे धम्. एकाच पायाने दिल्यासारखा.

"काय जुळलंय, काकू," रेकॉर्डिस्ट हरखून म्हणाला, आणि वहिनीने त्याला खुर्चीसकट बाजूला ढकललं.

दार जड होतं. तिने खांदा लावला. दार उघडलं आणि ती जागच्या जागी थिजली, कारण आत गडगडाट असायला हवा होता. आत काहीच नव्हतं. चिडीचूप. तिच्या पाठीमागे अलीकडच्या खोलीत दोन्ही स्पीकर थडथडत होते, आणि ज्या खोलीतून तो आवाज यायला हवा तिथे सुई पडली तरी ऐकू आली असती. गरम प्लास्टिकचा वास इथे जास्त होता. आणि गारठा.

"ठोकी..."

तिने एक पाऊल आत टाकलं.

"ठोकी, आई आहे गं... कुठेस?"

हाताने भिंत चाचपत तिला बटण सापडलं.

पोरगी फरशीवर कुशीवर पडली होती. स्टिक दोन बाजूंना. हेडफोन कानावर तसाच. स्टूल उभं, ड्रमच्या समोर, बरोबर जागेवर. त्यावर कुणी नव्हतं.

पण वहिनीने ती बैठक स्वतःच्या हाताने भरली होती. फोम तिला कळायचा. माणूस बसला की फोम कसा दबतो, कुठे जास्त दबतो आणि उठला की कसा हळूहळू वर येतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. काळ्या कापडावर मधोमध खळगा पडला होता. खोल. आणि तो वर येत नव्हता.

वहिनीच्या तोंडून जी शिवी गेली ती इथे लिहिण्यासारखी नाही. तिने स्टुलाला लाथ घातली. लोखंडी पायाला लागून तिचं नख उलटलं, तरी दुसरी घातली. स्टूल भेलकांडलं, झांजेवर आदळलं, आडवं झालं. आणि आडवं पडल्यावर तिच्या डोळ्यांदेखत त्याची बैठक सावकाश फुगून वर आली.

बाहेरचे स्पीकर गप्प झाले.

तिने पोरीचा हेडफोन उपटला, गालावर चापट दिली, मग दुसरी, जोरात. "श्वास घे. घे म्हणते ना. बापासारखी जाऊन दाखव मला, तंगडी मोडीन." पोरीचे ओठ निळे होते. वहिनीने तिला उठवून छातीशी आवळलं आणि पाठीत धपाधप बुक्के घातले, लहानपणी खाणं घशात अडकल्यावर घालायची तसे. खूप वेळाने, किंवा वहिनीला तो खूप वाटला, पोरीने हवा आत ओढली, फाटक्या भात्यासारखी.

"आई," ठोकी म्हणाली. "मी कधीच थांबले होते... हात दुखले म्हणून थांबले. मग कुणीतरी म्हटल्यासारखं झालं, सरक."

दारात केस्या आणि रेकॉर्डिस्ट उभे होते.

"ते मशीन बंद कर," वहिनी म्हणाली.

"बंद काय करू, काकू..." तो म्हणाला. "तुम्ही दार उघडलंत त्याच्या आधीच टेप संपली होती."

त्याच्या मागे चाक रिकामंच फिरत होतं आणि टेपचं सुटलेलं टोक त्याच्यावर फटफटत होतं.

*

स्टूल वहिनीने घरी आणलं नाही. तळघराच्या बाहेरच, भर रस्त्यात, पिशवीतल्या कात्रीने बैठक फाडली, फोम उपसून गटारात टाकला आणि लोखंड भंगारवाल्याच्या गाडीवर भिरकावलं. "किती देऊ?" त्याने विचारलं. "पुढे चालू लाग," ती म्हणाली.

दोन दिवसांनी रेकॉर्डिस्टचा फोन आला. कॉम्प्युटरवर उतरलेलं त्याने पुन्हा पुन्हा तपासलं होतं. दादाच्या ट्रॅकवर धप्प आवाजापर्यंत सगळं होतं, पुढे नुसती खरखर. ठोकीच्या ट्रॅकवर लांब श्वासापर्यंत सगळं होतं, पुढे तीही नाही. "पण आपण ऐकलं ना, काकू? तिघांनी ऐकलं." वहिनी म्हणाली, "तू ऐकलंस तेवढं बस झालं. परत ऐकायला जाऊ नकोस."

लाल दाराची कॅसेट पुन्हा निघाली. 'जाग' होतं तसंच ठेवलं, दूर जाणारं. कार्यक्रमही झाला, मोकळ्या मैदानात, उन्हं असताना. दिवा घालवायचा प्रश्नच नव्हता. ठोकी नव्या स्टुलावर बसली, 'जाग' मधेच हात उचलून थांबवलं आणि खाली हजार माणसं ओरडली. दुसऱ्या दिवशीपासून फोन सुरू झाले. कुणीही विचारलं नाही, तू कोण म्हणून. वहिनी पहिल्या रांगेत बसून फक्त पॅडल ऐकत होती.

तिला आता ती सवयच जडली. आता ती साध्या खुर्चीवर बसून शिवायची, खांदे भरून यायचे, तासातासाला उठावं लागायचं. आणि ते दुखणं तिला बरं वाटायचं. आपलेच आहेत हात, असं वाटायचं. मागच्या खोलीत ठोकी सराव करत असली की वहिनीचा एक कान तिकडे. कर्र, धम्. करकर आहे तोवर पोरगी आहे. "पॅडलला तेल लावशील तर याद राख," तिने दहादा बजावलं होतं. ठोकी हसायची.

एके दिवशी संध्याकाळी वहिनी एका मोठ्या सोफ्याचं कव्हर संपवत होती. मागे ठोकी वाजवत होती. दिवा लावायची वेळ झाली होती, पण हातातली शिवण सोडवत नव्हती. किनार बरोबर चालली होती. ठोकाही छान चालला होता, एकसारखा, आणि तिचा पाय नकळत त्याच लयीत मशीन हाणत होता. किती वेळ ते तिला कळलं नाही. मग तिला वाटलं, आज खांदे कसे भरून आले नाहीत?

तिने पाय थांबवला.

धम्. धम्. धम्.

मागच्या खोलीचा पडदा ओढलेला होता. पडद्याच्या फटीतून आतला अंधार दिसत होता.

"ठोकी?" ती म्हणाली. "ठोकी, दिवा लाव गं..."

तेवढ्यात पुढचं शटर वर गेलं. रस्त्याच्या उजेडात ठोकी उभी होती, घामेजलेली, एका हातात पावाची पिशवी, दुसऱ्या हातात पॅडल.

"रागावू नकोस," ती म्हणाली. "फारच करकरायला लागलं होतं. तू बघशील म्हणून मागच्या दाराने नेलं दुपारी. दुरुस्तीवाल्याने सगळं खोलून तेल घातलं. आता बघ, आवाजच नाही." आणि तिने ते तळहातावर दाबून दाखवलं. खरंच आवाज नव्हता.

पडद्यामागे मोठा ड्रम वाजत होता.

वहिनीने पोरीच्या तोंडाकडे बघितलं. पोरगी हसत होती, कव्हराकडे बघून काहीतरी बोलत होती, रंग छान आहे की काय ते. तिला तो आवाज ऐकू येत होता की नाही, वहिनीची विचारायची हिंमत झाली नाही. पण पावाची पिशवी धरलेल्या हाताचं एक बोट कागदावर आपटत होतं, अगदी सहज, एकाही टोल्याला न चुकता.